निलगिरीच्या राजाचा ताळेबंद

निलगिरी म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. सर्दीने नाक चोंदले की आईने रुमालावर टाकलेले तेलाचे दोन थेंब, आणि सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्याच्या कडेने व पडीक माळांवर लावलेली, सावली न देणारी, पाणी पिते म्हणून शिव्या खाणारी सडपातळ झाडे. मी आज ज्या निलगिरीविषयी लिहिणार आहे तिचा या दोहोंशी संबंध फक्त कुळाचा. या कुळात सातशेहून अधिक जाती आहेत. तेलाची 'ब्लू गम' वेगळी. ती १८४३ पासून उटकमंडच्या डोंगरांवर लावली गेली आणि त्या डोंगरांचेच नाव तिला मराठीत चिकटले. दक्षिणेकडच्या माळांवरची 'म्हैसूर गम' वेगळी. आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्हिक्टोरिया व टास्मानिया राज्यांतल्या थंड, पावसाळी डोंगरउतारांवर उभी असलेली 'युकॅलिप्टस रेग्नान्स' आणखी वेगळी. फर्डिनांड फॉन म्यूलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तिचे हे नामकरण केले. रेग्नान्स म्हणजे राज्य करणारा.

या राजाच्या राज्यात १ जानेवारी २०२४ रोजी एक मोठी गोष्ट घडली. सरकारी मालकीच्या नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड व्हिक्टोरिया सरकारने त्या दिवसापासून बंद केली. २०१९ मध्ये जाहीर झालेला मूळ बेत २०३० सालचा होता. मे २०२३ च्या अर्थसंकल्पात तो सहा वर्षे अलीकडे ओढला गेला. तोडीचा कारभार पाहणारी 'व्हिकफॉरेस्ट्स' ही सरकारी कंपनी जून २०२४ अखेर गुंडाळण्यात आली. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. पण माझी मुलगी मेलबर्नला असते. निवृत्तीनंतर तिच्याकडे दोनदा मुक्काम झाल्यामुळे या झाडाशी माझी थोडी ओळख झाली आहे. आणि ज्या माणसाने आयुष्याची चौतीस वर्षे दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात घालवली, त्याला एखादे खाते अचानक बंद झाल्याचे कळले की मागची पाने चाळावीशी वाटतातच.

मेलबर्नहून ईशान्येला तासाभरावर हील्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथून पुढे 'ब्लॅक स्पर' हा घाट लागतो. आपल्या घाटासारखा दऱ्या दाखवणारा नव्हे, झाडांनी दोन्ही बाजूंनी मिटून घेतलेला. खोडे बुंध्याशी खडबडीत, वर मात्र गुळगुळीत आणि राखी-पांढरी, सालीच्या लांबच लांब फिती अंगावरून लोंबत असलेली. त्यांच्या पायाशी माणसाहून उंच वृक्षनेचे. मान मोडेपर्यंत वर पाहिले तरी पहिली फांदी दिसायला वेळ लागतो. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "बाबा, नीट बघा, ही बहुतेक सगळी एकाच वयाची आहेत."

हे खरे होते, आणि या झाडाची सारी कुंडली त्या एका वाक्यात आहे. १३ जानेवारी १९३९ या दिवशी व्हिक्टोरियात वणवा भडकला. तो दिवस तिथे 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. एकाहत्तर माणसे गेली, जंगलातल्या लाकूड गिरण्या वस्त्यांसकट जळाल्या. चौकशीसाठी नेमलेले न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनी निष्कर्ष काढला की या आगी माणसांच्याच हातून लागल्या होत्या. त्या राखेतून जे उगवले ते आजचे जंगल.

निलगिरीच्या बहुतेक जाती वणव्यात होरपळल्या तरी खोडातून, मुळातून पुन्हा फुटतात. हा राजा फुटत नाही. भडक आग लागली की तो मरतो. पण मरण्याआधी शेंड्यावरच्या बोंडांतून साठवलेले बी खालच्या ताज्या राखेवर सोडून देतो. हेक्टरी लाखोंनी रोपे उगवतात, उन्हासाठी एकमेकांशी झुंजतात, वर्षाला मीटरभराहून अधिक वाढतात आणि शेवटी त्यांतली मोजकीच उरतात. पन्नास वर्षांत साठ-पासष्ट मीटर! म्हणजे या झाडाला आग हवीही असते आणि नकोही असते. तिचे वेळापत्रक मात्र सांभाळावे लागते. रोपाला बी धरू लागायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्याच्या आत दुसरी आग आली, तर पेरायला काहीच शिल्लक नसते. मग तिथे बाभळीच्या कुळातली झुडपे माजतात आणि जंगल संपते. हे कोणी कुऱ्हाड न लावताही होते.

आता थोडे उंचीविषयी, कारण मुंबईच्या फोर्टात नोकरी केलेल्या माणसाला मोजायला राजाबाई टॉवर हाताशी असतो. तो ८५ मीटरचा. टास्मानियात २००८ साली सापडलेले 'सेंच्युरियन' नावाचे झाड १०० मीटरच्या आसपास भरले. २०१९ च्या वणव्यात ते होरपळले, पण वाचले. गिप्सलँडमधल्या थॉर्पडेल गावी १८८० च्या दशकात पाडलेले एक झाड मोजणीदाराने ३७५ फूट, म्हणजे ११४ मीटर नोंदवून ठेवले आहे. कॅलिफोर्नियातला 'हायपेरियन' हा रेडवुड ११५ मीटरच्या पुढे आहे, पण रेडवुडला फुले येत नाहीत. फुलणाऱ्या झाडांत पहिला मान बराच काळ या निलगिरीकडे होता. २०१९ मध्ये मलेशियातल्या साबा प्रांतातले 'मेनारा' नावाचे झाड १०० मीटर ८० सेंटिमीटर मोजले गेले आणि मुकुट थोडक्यात हुकला. असो. गोऱ्या वसाहतकऱ्यांना या उंचीचे कौतुक होते, पण ते कौतुक फुटांत मोजून फळ्यांत वसूल करायचे होते. बुंध्याचा घेर इतका, की वीतभर रुंदीच्या फळ्या खोडात खाचा पाडून ठोकायच्या, त्यांवर चढायचे, आणि जमिनीपासून दोन-अडीच पुरुष उंचीवर उभे राहून कुऱ्हाड चालवायची. पोकळ बुंध्यांत काहींनी घोडे बांधले, काहींनी संसार थाटले.

या लाकडाची नावे पाहिली की मला बेनामी खात्यांची आठवण होते. इंग्रजांना घरचा 'ॲश' आठवला म्हणून झाडाचे नाव 'माउंटन ॲश'. ॲशशी त्याचे काही नाते नाही. लाकूड बाजारात जाते ते 'टास्मानियन ओक' म्हणून, आणि ओकशीही त्याचे नाते नाही. व्हिक्टोरियातला व्यापारी त्यालाच 'व्हिक्टोरियन ॲश' म्हणतो, आणि टास्मानियातला माणूस झाडाकडे बोट दाखवून 'स्वॉम्प गम' म्हणतो. एकच इसम, चार सह्या. फिक्या पिवळसर-गुलाबी रंगाचे, सरळ रेषांचे हे लाकूड जमिनी, जिने, खिडक्यांच्या चौकटी, मेजे-खुर्च्या यांसाठी नावाजलेले. माझ्या मुलीच्या घरातली जमीन याचीच आहे. मात्र तोडलेल्या झाडाचा बराच मोठा भाग फळीपर्यंत पोचतच नसे. तो कागदाच्या लगद्यात जाई.

ही कागदाची कथा मोलाची आहे. आखूड तंतूंच्या टणक लाकडापासून वृत्तपत्राचा कागद होत नाही, असे जग समजत होते. टास्मानियातल्या बॉयर येथील गिरणीने फेब्रुवारी १९४१ मध्ये निलगिरीपासून तो करून दाखवला. तसे करणारी ती जगातली पहिली गिरणी. (आपल्याकडे बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला १९५६ मध्ये सालई आणि बांबूपासून हाच उद्योग सुरू झाला.) व्हिक्टोरियात लाट्रोब खोऱ्यातल्या मेरीव्हेल येथे मोठी लगदा गिरणी उभी राहिली. तिच्यासाठी सरकारने नुसता परवाना दिला नाही, तर १९३६ पासून खास कायदे केले. १९६१ मध्ये नवा कायदा, १९९६ मध्ये पुन्हा नवा. त्या शेवटच्या कायद्याने २०३० पर्यंत लाकूड पुरवण्याची हमी सरकारच्या गळ्यात बांधली.

हमी या शब्दापाशी बँकवाला थबकतो. हमी देताना पहिला प्रश्न विचारायचा असतो की पाठीशी तारण काय आहे. इथे तारण होते १९३९ साली उगवलेले जंगल, आणि ते पुन्हा जळणार नाही असे गृहीत धरलेले. विदर्भात असताना एका कागद गिरणीचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावरून गेला होता. यंत्रे, इमारती, येणी, गोदामातला माल या सगळ्यांचे रकाने छापील नमुन्यात होते. बांबूच्या वयाचा रकाना नव्हता. बांबू एकदा फुलला की रानच्या रान वाळून जाते, हे ज्यांच्या सुपल्या-टोपल्यांवर पोट होते त्या बुरुडांना पाठ होते. नमुना छापणाऱ्यांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला तेव्हा हेच पुढे आले, की गिरण्यांना सरकार नाममात्र दराने बांबू देत होते आणि बुरूड बाजारभावाने घेत होते. मेरीव्हेलची गोष्ट इतकी उघड अन्यायाची नव्हती. तिथे शेकडो घरे त्या गिरणीवर उभी होती. पण हिशेबाची तऱ्हा तीच. कच्चा माल कायद्याने पक्का केला की तो जमिनीतही पक्का होतो, अशी समजूत.

दरम्यान याच झाडाचे आणखी एक खाते मेलबर्न शहराच्या नावावर चालू होते, ते पाण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराने धोरण ठरवले की धरणांच्या माथ्यावरची काही जंगले पूर्ण बंद ठेवायची. वस्ती नाही, गुरे नाहीत, तोड नाही. तुळशी आणि विहार तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात असल्याचा फायदा मुंबईकराला ठाऊक आहे. त्याचीच ही भव्य आवृत्ती. १९३९ नंतर मात्र इंजिनिअरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. जळालेल्या खोऱ्यांत पाऊस पूर्वीइतकाच पडत होता, पण ओढ्यांना पाणी कमी येत होते. कारण पुढे उलगडले. दाट, तरुण रान वृद्ध रानापेक्षा पुष्कळ जास्त पाणी पिते. वय वाढेल तशी झाडे विरळ होतात, त्यांची तहान उतरते. जॉर्ज कुचेरा यांनी १९८० च्या दशकात मांडलेला आलेख तिथे प्रसिद्ध आहे. जंगल जळून नवे उगवले की प्रवाह घटू लागतो, पंचवीस-तीस वर्षांच्या सुमारास तो निम्म्यावर येऊ शकतो, आणि पूर्ववत व्हायला दीडशे वर्षे लागतात. तोडून नवे वाढवले तरी रान तरुणच होणार, हे ओघाने आले.

आपल्याकडे निलगिरी पाणी पिते की नाही यावर कोलारपासून किती वाद झाले! २०१७ मध्ये कर्नाटकाने तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. तिथे प्रश्न परक्या झाडाचा होता. इथे झाड घरचेच आहे, आणि तरीही पाण्याचा हिशेब त्याच्या वयावर ठरतो. १९८३ मध्ये पुरे झालेले थॉमसन धरण मेलबर्नचा सर्वांत मोठा साठा आहे, एकूण क्षमतेच्या सुमारे साठ टक्के. आणि थॉमसनच्या पाणलोटात लाकूडतोडीला परवानगी होती. नंतर दीर्घ दुष्काळ आला, आणि वाँथगी येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना २०१२ मध्ये पूर्ण झाला. वर्षाला १५,००० कोटी लिटर पाणी देण्याची त्याची ताकद आहे. बांधायला अब्जावधी डॉलर लागले. जंगलातल्या लाकडाची किंमत लावताना न वाहिलेल्या पाण्याची किंमत वजा करा, असे तिथले काही अर्थतज्ज्ञ सांगत आले आहेत. ही वजाबाकी व्हिकफॉरेस्ट्सच्या ताळेबंदात कधी नव्हती. ती नसतानाही कंपनीला २०२१-२२ या वर्षात पाच कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

तोट्याचे एक मोठे कारण कोर्टकचेऱ्या. त्यांच्या मुळाशी आहे मूठभर वजनाचा, मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा एक प्राणी, लेडबीटर्स पॉसम. तो नामशेष झाला असे सगळ्यांनी धरले होते. १९६१ च्या एप्रिलमध्ये एरिक विल्किन्सन यांना तो मेरीसव्हिलजवळच्या जंगलात जिवंत दिसला. म्हणजे ज्या वर्षी कागदाचा दुसरा कायदा झाला, त्याच वर्षी! १९७१ मध्ये तो व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी झाला. त्याला राहायला झाडाची ढोली लागते, आणि या झाडाला ढोली पडायला एकशेवीस वर्षे तरी जावी लागतात. कागदाच्या गिरणीला मात्र साठ-ऐंशी वर्षांचे झाड पुरते. दोघांच्या कॅलेंडरांत अर्ध्या शतकाचे अंतर. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे डेव्हिड लिंडेनमायर १९८० च्या दशकापासून हे जंगल मोजत आहेत. मध्य व्हिक्टोरियाच्या डोंगरांत खरोखर जुने म्हणावे असे माउंटन ॲशचे रान एकूण रानाच्या सव्वा टक्क्याच्याही आत उरले आहे, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले. त्याच विद्यापीठातल्या हेदर कीथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेक्टरी १,८६७ टन कार्बन मोजला. जगातल्या कोणत्याही जंगलात तोवर इतका आढळला नव्हता.

मे २०२० मध्ये पॉसमच्या बाजूने लढणाऱ्या एका छोट्या नागरिक संस्थेने संघीय न्यायालयात व्हिकफॉरेस्ट्सविरुद्ध खटला जिंकला. वर्षभराने अपिलात निकाल फिरला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्लायडर' या उडत्या प्राण्यासाठी असे आदेश दिले, की प्रत्येक ठिकाणी आधी कसून शोध घेतल्याशिवाय तोड अशक्य झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेरीव्हेलला लाकूड मिळेनासे झाले आणि २०२३ च्या आरंभी तिथे पांढऱ्या कागदाचे उत्पादन थांबले. झेरॉक्सचा पांढरा कागद बनवणारी ती ऑस्ट्रेलियातली शेवटची गिरणी. आता तो देश हा कागद बाहेरून आणतो.

इथे माझ्या मेलबर्नच्या जावयाशी माझे जमत नाही. त्याच्या मते जंगल वाचले, विषय संपला. बंदी योग्य होती असे मलाही वाटते. तोट्यात चालणारा, हमीपत्रावर तगलेला आणि पाण्याचे देणे लपवणारा धंदा आणखी सहा वर्षे ओढण्यात अर्थ नव्हता. पण खाते बंद केले म्हणजे देणी मिटत नाहीत. हेफील्डसारख्या गावात लाकूड गिरणी हाच रोजगार. ती आता बाहेरून लाकूड आणून चालवावी लागते. सरकारने २०२३ मध्ये कामगारांसाठी आणि गावांसाठी आणखी २० कोटी डॉलर ठेवले, पण पन्नाशीच्या करवतवाल्याला नवे काम शिकवणे धनादेश फाडण्याइतके सोपे नसते. शिवाय टास्मानियात नैसर्गिक जंगलातली तोड चालूच आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे संरक्षित असलेले झाड समुद्रापलीकडे, तेच नाव धारण करून, विक्रीला आहे.

माझी खरी काळजी आगीची आहे. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'काळ्या शनिवारी' १७३ माणसे मेली आणि मेरीसव्हिल गाव जवळजवळ पुसले गेले. किंगलेकजवळच्या वॉलबी क्रीकमधली तीनशे वर्षांची झाडे, ज्यांना कोणी कुऱ्हाड लावली नव्हती, एका दुपारी गेली. तोड झालेले तरुण रान अधिक भडकून जळते, असे लिंडेनमायर यांचा गट म्हणतो. जुन्या पठडीतले काही वनाधिकारी याच्या उलट म्हणतात. त्यांच्या मते जंगलात रस्ते, यंत्रे आणि जाणती माणसे असली तरच वणवा आवरता येतो. निकाल देणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, पण दोन्ही पक्षांच्या बोलण्यातून एक खर्च उघड होतो, तो राखणीचा. २०१९-२० च्या वणव्यानंतर या झाडाच्या भावंडाची, अल्पाइन ॲशची, कोवळी राने बी धरण्याआधीच पुन्हा जळाली, तेव्हा साठवून ठेवलेले बी हेलिकॉप्टरमधून पेरावे लागले. हे बी उंच झाडांच्या शेंड्यांवरून गोळा करावे लागते आणि दर वर्षी पुरेसे धरत नाही. ते गोळा करणारी माणसे बहुधा लाकूडतोडीच्याच धंद्यातली होती. त्यांतली काही आता सरकारी कंत्राटावर जाळरेषा काढतात आणि रस्त्यावर कोसळू पाहणारी झाडे पाडतात. बियाण्याच्या कोठाराला मात्र २०३० पर्यंत काय, एका वर्षाचीही कायदेशीर हमी नाही. कागदाला होती.

मोठे राष्ट्रीय उद्यान करावे, ही मागणी 'ग्रेट फॉरेस्ट नॅशनल पार्क' या नावाने अनेक वर्षे चालू आहे. ते अजून झालेले नाही. शिकारी, मोटारसायकलवाले, तंबू ठोकणारे या सर्वांना आपापले रान हवे आहे, आणि निवडणुका चार वर्षांनी येतात.

ब्लॅक स्परच्या आसपासच्या, १९३९ सालच्या राखेतून उगवलेल्या झाडांनी पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत. मधे आग आली नाही, तर त्यांना आपसूक ढोल्या पडू लागायला २०६० साल उजाडेल. पॉसमला तितका धीर निघण्यासारखा नाही. म्हणून संशोधकांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगून पाहिल्या. त्या काही वर्षांत कुजतात. मग माणसे दोर लावून उभ्या खोडावर चढली आणि साखळी-करवतीने ढोल्या कोरल्या. पॉसम त्यांत येऊन राहिले.